पावसात दिसायच्या दोन ओळी

मी भिंत बोलतेय. हसलास? हस. यातला एक शब्द जरी तुला खरा वाटला ना, तर माझ्या कोपऱ्यातला एक दगड उपट आणि घरी घेऊन जा. कुणी विचारलं तर सांग, एक म्हातारी पैज हरली. पण मी हरायची नाही. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ती सवय मीच लावलीय लोकांना.

जन्म माझा वेल्समधल्या खाणीच्या गावातला. शाळेच्या पाट्या ज्या काळ्या दगडाच्या करतात ना, त्या दगडाची खाण. दिवसभर मालकाचा दगड फोडून आलेली माणसं संध्याकाळी देवासाठी दगड रचायची. त्यातून हे चॅपेल उभं राहिलं, आणि चॅपेलच्या पाठीला मी. आत रविवारची शाळा, बाहेर गल्ली. म्हणजे बघ, माझी एक बाजू शाळेत आणि एक गल्लीत, म्हणून शिक्षण अर्धंच झालं. आतून प्रार्थना ऐकल्या, बाहेरून शिव्या. कुठली बाजू जास्त शिकली ते विचारू नकोस.

खोडी माझ्या चुन्यातच आहे. एका वर्षी आतल्या अंगाला अशी ओल धरली की हुबेहूब आमच्या पाद्रीबाबांचं नाक. पोरं प्रार्थनेत खुदखुदायची. त्यांनी वर चुना फासला. पुढच्या वर्षी मी नाक परत काढलं आणि टोकाला थेंबही लोंबवला. गल्लीत कुणी टेकून उभं राहिलं की पाठीवर पांढरा शिक्का. नवरा घरी गेला की बायको नुसती पाठ बघून विचारायची, "कुणाबरोबर उभा होतास?" आणि सगळ्यात लाडकी खोडी म्हणजे पन्हळीची. वर पन्हळीचा सांधा फुटलाय, तिथे मी चमचाभर पाणी राखून ठेवायची. खाली कुणी वाकलं की बरोबर मानेत!

त्या चमचाभर पाण्याचंच सांगायला बसलेय. बसलेय म्हणजे उभीच आहे, पण तू समजून घे.

पन्नास वर्षं होत आली असतील. टेग्वेन नावाची बाई चॅपेलची गाणी बसवायची. तरतरीत, कडक, हात वर केला की अख्खं चॅपेल श्वास धरायचं. पण तालमीच्या मध्येच ही मागच्या दाराने गल्लीत यायची आणि माझ्या आडोशाला सिगारेट ओढायची. चॅपेलात कुणाला पत्ता नव्हता. मला होता. तिचा धूर अजून माझ्या सांध्यांत आहे.

समोरच्या चपलांच्या दुकानाच्या जागी तेव्हा नुकतं चिनी खाण्याचं दुकान आलं होतं. हाँगकाँगकडच्या खेड्यातून आलेलं जोडपं. नवरा आत तळायचा. बायको, फुंग तिचं नाव, चोविसेक वर्षांची, मागच्या दारात उपड्या खोक्यावर बसून भाजी निवडायची आणि गुणगुणायची. तिला आमची भाषा येत नव्हती, इंग्रजी चार शब्द. दिवसचे दिवस कुणाशी बोलायची नाही.

एक दिवस टेग्वेनने सिगारेट विझवली. "ए, परत म्हण. तेच. परत."

फुंग घाबरली. वाटलं, बाई ओरडायला आलीय. टेग्वेनने खिशातून खडू काढला आणि तो सूर सरळ माझ्या अंगावर लिहून काढला. आमच्या चॅपेलात सूर असे अक्षरांतच लिहितात, डो-रे-मीची आद्याक्षरं. तुमचं सा रे ग म जसं. फुंगने बघितलं. मग हसली. पहिल्यांदाच हसताना बघितली मी तिला. तिने खडू घेतला आणि टेग्वेनच्या अक्षरांच्या खाली आकडे लिहिले. एक, दोन, तीन, पाच. तिच्या शाळेत सूर आकड्यांत लिहायचे!

टेग्वेनने आकड्यांवरून बोट फिरवलं, गाऊन बघितलं आणि माझ्यावर अशी थाप मारली की माझं थोडं प्लास्टर पडलं. "अगं बाई! हे तर तेच आहे!"

तो हिवाळा दोघींनी माझ्या अंगावर काढला. खडू, पाऊस, परत खडू. वसंतापर्यंत दोघींचं मिळून एक गाणं झालं. वरची ओळ टेग्वेनची, अक्षरांत. खालची फुंगची, आकड्यांत. दोन्ही एकाच वेळी गायच्या, एकीवर एक. खडू टिकेना म्हणून टेग्वेनने एमरिसचा पन्हळींना लावायचा काळा रंग चोरला आणि दोन्ही ओळी पक्क्या करून टाकल्या. डाव्या अंगाला, पन्हळीच्या नळाशेजारी, कमरेइतक्या उंचीवर.

आता एमरिस कोण, ते सांगते. चॅपेलचा कारभारी, धंद्याने रंगारी. दर मे महिन्यात गाण्याचा मोठा मेळा असायचा आणि पाहुणे यायच्या आधी भिंत पांढरी झालीच पाहिजे, हा इथला नेम. एमरिस आला, ओळी बघितल्या, टोपी मागे सारली.

"टेग्वेन, माझा रंग कमी कसा झाला?"

"उंदीर असतील, एमरिस."

"गाणारे उंदीर?"

त्याने वरून चुना मारलाच. नेम म्हणजे नेम. पण तिथे कुंचला जरा हलकाच फिरवला लबाडाने. पहिला पाऊस आला आणि काय सांगू! चुना ओला झाला की त्यातून आरपार दिसतं. दोन्ही ओळी पाण्यातून माशासारख्या वर आल्या. वाळलं की गुडुप. टेग्वेन आणि फुंग टाळ्या पिटून हसल्या. इतकी वर्षं मी खोड्या करत आले, पण ही सगळ्यात भारी. आणि आमच्या गावात पावसाला काय तोटा.

तेव्हापासून हेच. एमरिसने पुसायचं, पावसाने दाखवायचं. कागदावर कुणी उतरवून घेतलं नाही. कशाला घेतील? आणि इथली खोड बघ, चॅपेलात प्रत्येक जण आपापलीच ओळ पाठ करतो. खालच्या आवाजाच्या बाप्याला विचार, वरची ओळ काय, तर खांदे उडवील. फुंगलाही टेग्वेनने तसंच घडवलं. "माझ्या ओळीकडे बघू नकोस. तुझी धर. घट्ट धर." फुंगने घट्ट धरली. तिला तिचीच येते.

वर्षं गेली. फुंगचा नवरा गेला. टेग्वेनचं लग्नच झालं नव्हतं. चॅपेल बंद पडलं, आतली खोली भाड्याने द्यायला लागले. देव गेला, बैठका आल्या. मग टेग्वेन विसरायला लागली. आधी चष्मा, मग घर, मग माणसं. तिला वरच्या चढावरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. फुंग रोज दुपारी जायची. टेग्वेन तिला अदबीने विचारायची, "कोण आपण? चहा घेणार?"

पण पाऊस पडला की फुंग तिला चाकांच्या खुर्चीत घालून खाली आणायची. तिथल्या पोरी ओरडायच्या, "मिसेस टांग, अहो पावसात कुठे नेताय त्यांना!"

"पावसातच दिसतं," फुंग म्हणायची. एवढंच.

पाऊस नसला तर भाजी धुतलेल्या पाण्याची बादली माझ्यावर ओतायची. ओळी वर यायच्या. टेग्वेन बघायची, ओठ हलायचे, मग आवाज फुटायचा. तोच, जरा चिरका. फुंग खालून तिची ओळ लावायची. आणि गाणं संपलं की टेग्वेन वळून बघायची आणि म्हणायची, "फुंग, आज खाली उतरलीस पाचव्या सुरावर. लक्ष कुठे असतं तुझं?"

नाव घेऊन, कळलं ना? दहा-पंधरा मिनिटं टिकायचं. मग परत, "कोण आपण?" त्या दहा मिनिटांसाठी फुंग खुर्ची चढावरून खाली आणायची आणि परत वर ढकलत न्यायची. सत्तरी उलटली होती तिची.

दोन वर्षांपूर्वी आतल्या खोलीत गावची समिती बसली. अध्यक्षबाई एलेरी, चांगली बाई, फक्त एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. एमरिसही होता, ऐंशीचा झालेला. समोर फुंगकडून मागवलेलं खाणं, अर्धा भात, अर्ध्या चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फाका, वर रस्सा. आमच्याकडे असंच खातात.

"आपल्याला देवाणघेवाण साजरी करायचीय," एलेरी म्हणाली. "वेल्श आणि चिनी संस्कृतीची. मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरने चित्रं. हलती, प्रकाशाची! कलाकार बाहेरून बोलवायची, काम तिच्यावर सोपवायचं."

"त्यांच्यात ड्रॅगन, आपल्या झेंड्यावर ड्रॅगन!" कुणीतरी टेबलावर हात आपटला. जसं काही जगात हे पहिल्यांदाच सुचलं.

"देवाणघेवाण कुणाची कुणाशी?" एमरिसने चिप्स भातात बुडवत विचारलं.

"वेल्सची चीनशी, एमरिस."

"हां. मला वाटलं गावातलं काही."

"गावात काय आहे?"

एमरिस विचारात पडला. तोंडात घास होता. "फुंगला विचारायचं का?"

"तिला कशाला त्रास? तिच्या दुकानात तेव्हा गर्दी असते. त्या दिवशी तिच्याकडून स्प्रिंग रोल मागवू. म्हणजे तीही आली त्यात."

मी सगळं ऐकलं आणि, लाज वाटते सांगायला, फुलून गेले. माझ्यावर चित्रं! दीडशे वर्षांत मला चुन्यापलीकडे कुणी काही नेसवलं नव्हतं.

कलाकार आली. मॅबली तिचं नाव, शहरातली, पिवळा रेनकोट, हातात वही. पाऊस रिपरिपत होता. तिने मला दुरून बघितलं, टेप लावून मोजलं, मग डावीकडे आली आणि थांबली. ओळी वर आल्या होत्या.

"हे काय लिहिलंय?" ती स्वतःशीच म्हणाली आणि वाचायला वाकली.

आणि मी, मी मूर्ख म्हातारी, मला ती गोरी कोवळी मान दिसली आणि राहवलं नाही. पन्हळीतलं पाणी सोडलं. बरोबर मानेत. दचकून उठताना तिचा खांदा मला घासला, तर मी पिवळ्या रेनकोटावर मूठभर चुनाही झाडला. किंचाळली, हसली आणि समोर फुंगच्या दुकानात पळाली. नंतर सगळे फोटो तिथूनच काढले, इतक्या दुरून की एकही अक्षर कळू नये. जवळ परत आलीच नाही.

जाताना एलेरीला म्हणाली, "भिंत झकास आहे, पण झडते फार. काहीतरी टणक रंग लावून घ्या. पांढराशुभ्र."

मला त्या दिवशी केवढं हसू आलं होतं. केवढं!

सप्टेंबरअखेर एलेरी रंगाचे डबे घेऊन आली. एमरिसने झाकण उघडून वास घेतला. "हा चुना नाही. हा प्लास्टिकचा आहे."

"टणक हवाय, एमरिस. तुम्हीच लावाल ना? तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

तो सुखावला. कोण सुखावणार नाही? "त्या नळाजवळ दोघींचं ते आहे..."

"कोण दोघी?"

"असू दे. पावसात परत दिसतं ते."

"मग झालं तर," एलेरी म्हणाली.

दोन हात लावले त्याने. शिडीवर चढून, श्वास लागला तरी. पाहुणे येणार, भिंत पांढरी हवी. मी ओरडत होते, एमरिस, लेका, थांब. पण माझी भाषा ओलीची आणि पडझडीची. त्या दिवशी हवा कोरडी ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी फुंग टेग्वेनला घेऊन आली. मी लखलखत होते. टेग्वेन म्हणाली, "वा, कुणाचं लग्न आहे?" फुंगने भाजीच्या पाण्याची बादली ओतली. पाणी माझ्यावरून मेणकापडावरून उतरावं तसं घरंगळून गेलं. आत एक थेंब आला नाही. तिने दुसरी बादली आणली, मग तिसरी. तिचे बूट भिजले, टेग्वेनच्या मांडीवरचं ब्लँकेट भिजलं.

"अहो बाई," टेग्वेन मायेने म्हणाली, "भिंत धुतलेलीच आहे की."

फुंगने बादली खाली ठेवली आणि खुर्ची वळवली.

संध्याकाळी एमरिसला कळलं. तो फुंगच्या खोक्यावर टोपी हातात धरून बसला. "पन्नास वर्षं मी ते पुसत आलो, फुंग. दर वेळी परत यायचं. मी म्हटलं, येईल."

"माहीत आहे," फुंग म्हणाली. "चहा घेतोस?"

"शिव्या तरी घाल, बाई."

"कुठल्या भाषेत घालू? तिन्हींपैकी सांग."

तो हसला आणि लगेच रडला. मग खरवडणी आणून नळाशेजारी कोपरा हळूच उचलला. टिकलीएवढा पापुद्रा निघाला. उलटा करून बघितला, तर आतल्या बाजूला काळं. रंग निघताना माझा चुना घेऊन निघत होता, आणि चुन्याबरोबर अक्षर. टेग्वेनच्या ओळीतलं पहिलं अक्षर त्याच्या तळहातावर होतं. दोघांनीही ते बघितलं. एमरिसने खरवडणी खिशात घातली.

ऑक्टोबरात खेळ झाला, तीन संध्याकाळी. अख्खं गाव गल्लीत. मॅबलीने बटण दाबलं आणि माझ्या अंगावर दोन ड्रॅगन उतरले, एक लाल, एक सोनेरी. खाणीचे दगड उडाले आणि त्यांच्या निळ्या नक्षीच्या बश्या झाल्या, आमच्या लीकचे, म्हणजे लांब पातीच्या वेल्श कांद्याचे, बांबू झाले. लोक आ वासून बघत होते. पोरगी हुशार होती रे, खोटं नाही बोलणार. मी इतकी सुंदर कधी दिसले नव्हते. आणि मला कधी इतकं उघडं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅबलीने तो खरवडलेला ठिपका बघितला आणि फुंगला विचारलं. फुंगने सगळं सांगितलं, वाटाणे सोलता सोलता. मॅबली खाली बसली.

"मी वाचायला वाकले होते," ती म्हणाली. "मिसेस टांग, मी वाकले होते हो. मानेत पाणी पडलं."

"ती करते तसं," फुंग म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. बघितलं फक्त. पन्नास वर्षांत तिने माझ्याकडे कधी तसं बघितलं नव्हतं.

मॅबलीने कागद पुढे केला. "तुम्हाला आठवतं तेवढं लिहा. उद्या तेच दाखवू. ड्रॅगन राहू देत."

फुंगने तिची ओळ लिहिली. सगळे आकडे, एकही न चुकता. वरची जागा कोरी सोडली. "ती तिची आहे. मला नाही येत."

तिसऱ्या संध्याकाळी ड्रॅगन नव्हते. माझ्या अंगभर फक्त आकडे, पुरुषभर उंचीचे, आणि त्यांच्या डोक्यावर नुसता उजेड. पुढे टेग्वेन खुर्चीत, बाजूला फुंग. फुंगने सूर लावला. एवढ्या लोकांसमोर ती कधी गायली नव्हती. तिची ओळ खालची, आधाराची. एकटी ऐकली तर अर्धवट वाटते, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

टेग्वेनने मान वर केली आणि आकड्यांच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग तिचा हात उठला. तोच जुना हात, सगळ्या चॅपेलला श्वास धरायला लावणारा. आत या, असं सांगणारा. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी खरोखर श्वास धरला. पण वरची ओळ कुणाला येत होती? तिचे ओठ उघडले, एक सूर आला, दुसरा आला आणि पुढे काही नव्हतं. ती शोधत राहिली माझ्या अंगावर, डावीकडून उजवीकडे. हात तसाच वर. फुंग शेवटपर्यंत गायली. घट्ट धरून.

मग टेग्वेनने हात खाली घेतला आणि तिच्याकडे वळून अदबीने म्हणाली, "छान गाता हो तुम्ही. कुठल्या गावच्या?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय करणार दुसरं?

मला येते ती ओळ. सगळी. पहिलं अक्षर गेलं तरी पाठ आहे. इथे नळाशेजारी, दोन हात रंगाखाली, जशीच्या तशी आहे. पण सांगू कशी? एरवी मी ओल दाखवून नाकंसुद्धा काढायची. आता घामसुद्धा फुटत नाही.

टेग्वेन आता खाली येत नाही. बिछान्यातच असते. आणि या हिवाळ्यात माझ्या पाठून पाणी आत शिरलंय, रंगाला आतून फोड आलाय, अगदी त्या ओळींवर. फुटला तर पापुद्रा पडेल आणि ओळी घेऊन पडेल. आयुष्यभर मी झडले, सांडले, लोकांच्या कोटांवर पडले, मजा म्हणून. आता अंग आवळून उभी आहे. एक कण सुटू देत नाही. म्हातारपणी शहाणपण आलं म्हण. उशिरा आलं म्हण, ते जास्त खरं.

तुला एकच सांगते. चुन्याची भिंत जाणणारा, हळू हाताचा कुणी माणूस भेटला, रंग सोलून चुना राखणारा, तर त्याला इकडे धाड. लवकर धाड. चढावरची ती बाई अजून आहे.

ऐकलंस? पन्हळ वाजली. पाऊस आला. आता समोरचं मागचं दार उघडेल. फुंग खोकं आणते, माझ्यासमोर बसते आणि तिची ओळ गाते. जिथे वरची ओळ यायला हवी तिथे थांबते, तेवढाच वेळ, आणि मग पुढे. पण परकं माणूस दिसलं की गात नाही ती.

तू भिजशील. आणि खाली वाकू नकोस, पन्हळीत पाणी आहे. नाही, नाही सोडणार. पण जा बघू आता. जा.